नाकावरचा फोड आणि आतड्यातली गाठ

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या नाकाच्या बाजूला झालेल्या फोडाचा रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता?"

सोबत आलेला माझा धाकटा भाऊ शालिक चिडला. "नाकाच्या फोडाचा अन् पोटाचा काय संबंध, डॉक्टरसाहेब? काहून असं विचारून राहिले?"

ही एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. यजमान गेल्यावर मी माहेरी करडीला राहत होते, गावच्या शाळेत शिकवत होते. फोड वाटाण्याएवढा, पिवळसर. दुखत नव्हता. वर्षभर हळद लावली, मलम लावलं. शेवटी शालिकनेच धानाची कापणी सोडून मला नागपूरला नेलं. फोड काढून तपासायला पाठवला. त्याला बायोप्सी म्हणतात.

तो सेबेशियस कार्सिनोमा निघाला, म्हणजे त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हा क्वचित दिसतो. काही घराण्यांत तो आणि आतड्याचा कॅन्सर एकाच माणसाला होतो. म्हणून विचारतो."

मग मी सांगितलं. बाबा पंचेचाळिशीत पोटाच्या दुखण्याने गेले. संडासातून रक्त जायचं, पण लाजेने ते कुणाला सांगत नसत. आत्याही तशीच गेली.

दोन दिवसांनी बेरियम एनिमा झाला. खालून पांढरं औषध भरून एक्स-रे काढतात. त्रास होतो, पण सोसण्यासारखा. मोठ्या आतड्यात उजवीकडे गाठ होती. मला पोटात एक कळही आली नव्हती.

ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरचीच होती, पण आतड्याबाहेर पसरलेली नव्हती. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते शालिकचं वेणी घालणं. भेटीच्या वेळेत तो बायकांच्या वॉर्डात यायचा, मान खाली घालून माझे केस विंचरायचा. वेणी अशी घट्ट, की डोळे ताणले जायचे. शेजारच्या बायका हसायच्या. "हसा," तो म्हणायचा, "बैलाचं दावं वळता येते मले, तसंच वळून राहिलो."

डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. शालिक उडवून लावायचा. "मले काय झालं? दोन माणसाचं काम एकटा करून राहिलो."

"बाबाही असंच म्हणायचे," मी म्हटलं.

तो विंचरायचा थांबला. मग म्हणाला, "बाई, मले भेव वाटते."

"मलाही भीती वाटली होती. मी येते तुझ्यासोबत."

त्याच्या आतड्यात पॉलिप सापडला, म्हणजे आतल्या अस्तरावर फुटलेला कोंब. कॅन्सर झालेला नव्हता. पोट न फाडता दुर्बिणीने काढला. त्यासाठी मुंबई गाठावी लागली.

माझ्या चेहऱ्यावर पुढे आणखी एक फोड आला, तो लगेच काढला. आम्ही दोघंही नेमाने तपासून घेतो. तुमच्या घरात असं दुखणं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. कातडीवरचा न बरा होणारा फोड दाखवा, आणि घरात कोण कशाने गेलं तेही सांगा.

आमच्या आत्याच्या पाच मुलांपैकी तिघं तपासून आली. दोघं अजून टाळतात. शालिक दर महिन्याला त्यांच्याकडे मुक्कामाला जातो, आणि तपासायची तारीख ठरेपर्यंत परत येणार नाही असं प्रत्येक वेळी मला सांगून घरून निघतो.