कारभारी तात्यांची हद्द

कारभारी तात्यांचं शेत गेलं, त्यावर पुंडलिकनगरच्या दोन गल्ल्या उभ्या राहिल्या. तात्यांपाशी उरला तो वसाहतीच्या बागेतला कडुलिंब आणि त्याखालचा बसायचा दगड. बागेचं रूप पालटायचं ठरलं आणि नकाशात फिरायचा रस्ता नेमका त्या दगडावरून निघाला, तेव्हा तात्यांना जेवण गोड लागेना.

नकाशा काढणारी मृण्मयी मात्र गुणाची पोरगी. तिनं रहिवाशांना बोलावलं, प्रत्येकाच्या ओंजळीत चुन्याची फक्की दिली.

"तुम्ही रोज जिथे बसता, खेळता, तिथे खूण करा. त्यावरून मी नकाशा सुधारीन," असं सांगून ती चहाला गेली.

तात्यांनी जन्मात फक्की पाहिली ती शेताच्या मोजणीच्या दिवशी. फक्की पडली की हद्द पडली. हद्द पडली की दगड रोवायचा. त्यांनी लिंबाभोवती चौकोन आखला, चार कोपऱ्यांत चार दगड ठोकले. ते पाहून बाकीच्यांच्या अंगातलं गाव जागं झालं. मृण्मयी परतली तोवर बागेच्या सतरा वाटण्या झाल्या होत्या. घसरगुंडीची शिडी एकाकडे गेली होती, उतार दुसऱ्याकडे.

"आजोबा, हे काय केलंत?"

"हद्द कायम केली, बाई. आता तुमचा रस्ता पल्याडून न्या. दगुड हलायचा नाय."

तेवढ्यात रोज सकाळी बायांची रांग घेऊन फिरणाऱ्या वच्छलाबाई पदर खोचून पुढं आल्या. "भावजी, बारा वरसं झाली आम्ही ह्या लिंबाखालून चालतो. वहिवाट हाय आमची. वहिवाट अडविणाऱ्याला तुमच्या गावात काय म्हणत्यात?"

बांधासाठी तात्या सख्ख्या भावाशी भांडले होते, पण कुणाची वाट त्यांनी कधी अडवली नव्हती.

"बांधावरून जावा की मग," ते पुटपुटले.

"अन् बांध कुठंय?"

तात्यांनी काठीनं बसायच्या दगडाला खेटून वळसा आखला. मृण्मयीनं तो जसाच्या तसा कागदावर उतरवला.

आता सरळ आलेला रस्ता लिंबापाशी वळतो. वळण चिंचोळं आहे, तात्यांचे पाय लांब आहेत.

"भावजी, पाय घ्या!" वच्छलाबाई दर फेरीला ओरडतात.

तात्या पाय वर घेतात. मागून आणखी अकरा बाया यायच्या असतात.

"लई झाल्या आज फेऱ्या," तात्या कुरकुरतात.

"तुम्हाला काय त्रास? तुम्ही तर बसलेलेच हायसा!"