दोन्ही टोकं

ख्रिसमसला आम्ही नवराबायको लेस्टरहून बँकॉकला गेलो होतो. हॉटेलात शेजारच्या टेबलावर सत्तरीची एक इंग्लिश बाई एकटीच बसायची, आंबा आणि भात चवीचवीनं खायची. पंचवीस तारखेला तिनं पर्समधून ख्रिसमस क्रॅकर, म्हणजे गोळीच्या वेष्टनासारखी टोकं पिळलेली कागदी नळी, काढला. तो खरं तर दोघांनी ओढायचा. मोठा तुकडा ज्याच्या हातात, त्याला आतला कागदी मुकुट. हिनं दोन्ही टोकं स्वतःच ओढली.

“चाळीस वर्षं घरच्यांसाठी टर्की भाजली,” मुकुट घालत ती मला म्हणाली, “आता दर वर्षी मीच जिंकते.”

नवऱ्याच्या टोस्टला बटर लावता लावता माझा नुसता जळफळाट झाला.

जाताना तिनं मलाही एक क्रॅकर दिला. “अगं, बघतेस काय, ओढ!” म्हणत नवऱ्यानं दुसरं टोक धरलंसुद्धा.

मुकुट त्यालाच मिळाला. मेल्याला शोभलाही.