आधी पाण्यावर संशय घेणारे हिरामणनाना

मंगळवार होता, सकाळचे साडेसात वाजले होते. मी आमच्या शेततळ्याच्या काठी उकिडवा बसून झिंग्याची मेलेली पिल्ले चहाच्या गाळणीने वेचत होतो. साक्रीचे हिरामणनाना सोनवणे यांना मी प्रथम पाहिले ते तेव्हा. पिल्ले त्यांच्याकडूनच आणली होती. बीजच कमजोर असावे आणि ते झाकायलाच नाना एवढ्या लांबून आले असावेत, असे मला वाटले. त्यामुळे दिवसभर मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून होतो.

वडिलांचा संशय निराळा होता. चोपड्याजवळच्या आमच्या शेताला लागूनच त्यांचे चुलतभाऊ भास्करआबा यांचे शेत आहे. बांधाच्या वादावरून दोघांचे बोलणे बंद होते. आबांनीच तळ्यात फवारणीचे औषध ओतले, असे ठरवून वडील पोलीस ठाण्यात जायला कपडे बदलून तयार होते.

नानांनी त्यांना दुपारपर्यंत थांबवले. तीन बादल्या कडुनिंबाखाली मांडल्या. एकीत तळ्याचे पाणी, दुसरीत थेट बोअरच्या तोंडाचे, तिसरीत नानांनी स्वतः जाऊन मागून आणलेले आबांच्या विहिरीचे. बोअरच्या पाण्यात हवा कमी असते म्हणून ते त्यांनी तांब्याने वरून ओतून पुष्कळ वेळ घुसळले. मग तिन्हींत जिवंत पिल्ले सोडली.

दुपारी तळ्याच्या बादलीतली पिल्ले आडवी झाली. बाकीच्या दोन्हींतली टुणटुणीत होती. बीज निर्दोष होते.

वडील म्हणाले, "मंग तळामांच औषध टाकेल शे! मना बोअरनं पाणी तं चांगलं शे. हाईच पाणी केळीले जास."

"जास ना भाऊ. पन कशामधून जास?" नानांनी विचारले.

नाना नळीच्या कडेकडेने चालू लागले, आम्ही मागोमाग. तळे भरणारी नळी केळीच्या ठिबकाला जोडलेली होती आणि जोड खताच्या टाकीच्या पुढे होता. केळीला विरघळलेले खत सोडले की तेच तळ्यातही उतरत होते. नानांनी बाटलीत थोडे तळ्याचे पाणी घेऊन त्यात अमोनिया तपासणीचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवे झाले. खतापासून अमोनिया होतो, उन्हात त्याचा जोर वाढतो आणि कात टाकणारी कोवळी पिल्ले आधी मरतात, असे त्यांनी सांगितले. तो जोड वडिलांनी स्वतःच्या हाताने केलेला होता.

उरलेली पिल्ले वाचवायची तर पाणी बदलायला हवे होते, आणि आमच्या बोअरला तेवढे पाणी नव्हते. जवळ होती ती आबांचीच विहीर. "नाना, तुम्हीच इचारा," वडील म्हणाले.

"सल्ला मना शे. तोंड तुम्हनं लागी," नाना म्हणाले.

वडील बांध ओलांडून गेले. सकाळचा ठाण्याचा आरडाओरडा बांधापलीकडे ऐकू गेला होता. आबांनी त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिले. "ठाण्यामा जावानं व्हतं ना? रस्ता चुकना का?"

"चुकनू, आबा," वडील म्हणाले. "पाणी पाहिजे."

आबांनी बांधावरून नळी टाकून मोटर सुरू केली. धार तळ्यात पडताच नानांनी व्हॉल्व्ह अर्धा बंद केला. पाणी एकदम बदलले तर पिल्लांना सोसत नाही. आबा चिडले, "आते मना पाणीवर बी संशय का?"

"समदा पाणीवर, आबा. माणसंवर मातर नही."

उरलेली पिल्ले जगली. पुढे मी नानांकडेच हे काम शिकलो. चूक कोणाची होती हे त्यांनी आजवर कुठे सांगितले नाही. कोणी विचारलेच तर "पाणी बिघडेल व्हतं" एवढेच म्हणतात. वडिलांच्या परवानगीने मी ते येथे लिहिले आहे.

नानांना आज पंचाहत्तरावे वर्ष लागत आहे. त्यांची नजर, गुडघे आणि शंकेखोर स्वभाव शंभरीपर्यंत असेच शाबूत राहोत. आबांच्या विहिरीवरून त्या दिवशी टाकलेली नळी आजही बांधावर आहे. ती काढा असे अजून वडील-आबा दोघांपैकी कोणीही म्हटलेले नाही.