नवऱ्यांच्या ड्रॉवरमधली काडतुसं

आर्डिथ मॅकहॅफीने एकतीस वर्षं बेकर्स फोर्डच्या डोंगराळ वाटांवर टपाल वाटलं. कुणाच्या पेटीत काय येतं, कुणाकडे मुळीच काही येत नाही, कुणाचा कुत्रा चावतो आणि कुणाचा नुसताच भुंकतो, सगळं तिला तोंडपाठ. निवृत्त झाली तेव्हा वय अठ्ठावन्न होतं, आता एकोणसत्तर. पत्रं चाळून चाळून दोन्ही अंगठ्यांच्या सांध्यांचं पार वाटोळं झालं होतं, जिभेला मात्र काही झालं नव्हतं. नवरा रॉय जाऊन तीन वर्षं झाली होती आणि कच्च्या रस्त्याच्या अगदी टोकाला असलेल्या घरात ती एकटीच राहत होती. तिचं बरं चाललं होतं.

करोनाच्या साथीच्या वर्षी ऑक्टोबरात भर दुपारी एक अनोळखी माणूस तिच्या अंगणात आला. त्याने दाराची मूठ फिरवून पाहिली, मग शेडमधला जनरेटर उचलला आणि गाडीत टाकून निघून गेला. आर्डिथ आतून पडद्याआडून हे पाहत होती. तिने पोलिसांना फोन केला. शेरीफचा माणूस पन्नास मिनिटांनी आला आणि जनरेटर कुठल्या रंगाचा होता ते लिहून घेऊन गेला.

तिचा मुलगा केंडल स्प्रिंगफील्डला राहायचा. त्याच संध्याकाळी तो येऊन धडकला.

"आई, आता पुरे. गॅरेजवरची खोली रिकामी आहे. सामान बांध."

"त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याचा एसी दिसतो," आर्डिथ म्हणाली.

"मग? इथून काय दिसतं?"

"तुझ्या बाबांनी लावलेली अक्रोडाची झाडं दिसतात. आणि कोण जनरेटर नेतंय, तेही दिसतं."

केंडलला हसू आलं नाही. मायलेकरांची तासभर जुंपली. शेवटी त्याने एक अट घातली. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवणाआधी, 'पाय' हा गोड पदार्थ भाजायच्या पत्र्याच्या ताटलीवर, सात पावलांवरून, सहापैकी पाच गोळ्या. लागल्या तर तो स्प्रिंगफील्डचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही लागल्या तर आर्डिथने मुकाट्याने गाडीत बसायचं. आर्डिथने हातात हात दिला. घरात त्या वेळी एकही पिस्तूल नव्हतं, हे तिला नंतर आठवलं. रॉयचं पंचेचाळीसचं पिस्तूल केंडलकडेच होतं, आणि तसंही त्याची वरची पट्टी मागे ओढून गोळी भरायला तिचे अंगठे धजले नसते.

दुसऱ्या दिवशी ती हॉबर्टच्या दुकानात गेली. हॉबर्टकडे गळ, कोंबड्यांचं खाद्य आणि बंदुका मिळायच्या. दुकानाच्या मागच्या टेबलावर फुकट कॉफी होती, म्हणून तिथे चार म्हातारे कायम बसलेले असत आणि कुठलं कॅलिबर चांगलं यावर भांडत असत. नळीचं माप नऊचं की पंचेचाळीसचं, या एका प्रश्नावर त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. रॉय जिवंत होता तोवर या सभेचा अध्यक्ष तोच. पंचेचाळीस सोडून दुसऱ्या कशालाही तो खेळणं म्हणायचा, आणि अडतीसचं नाव निघालं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

त्या वर्षी मात्र भांडायला काही उरलंच नव्हतं. देशात जो तो काडतुसं साठवत सुटला होता. मंगळवारी माल यायचा. पहाटे पाचपासून माणसं घडीच्या खुर्च्या टाकून दुकानाबाहेर बसायची, माणशी एक खोका मिळायचा आणि साडेआठला फळ्या पुन्हा रिकाम्या.

"आर्डिथबाई, तुम्ही नऊचं घ्या," हॉबर्ट म्हणाला. "हलकं असतं. बायकांना बरं पडतं."

"गोळ्या आहेत?"

"नाहीत. मग असं करा, तीनशे ऐंशीचं घ्या. पर्समध्ये मावतं."

"त्याच्या गोळ्या आहेत?"

"ऑगस्टपासून बघितल्या नाहीत. पण रॉयची आठवण म्हणून पंचेचाळीस..."

"हॉबर्ट, गोळ्या आहेत का तुझ्याकडे कसल्याही?"

हॉबर्टने काउंटरखाली वाकून बराच वेळ शोधलं. "गळ आहेत," तो म्हणाला.

कॉफीच्या टेबलावरून चौघांनी एकाच वेळी चार वेगवेगळे सल्ले दिले. आर्डिथ सगळ्यांचं ऐकून घेऊन घरी आली. ही पुरुषमंडळी आधी पिस्तुलाच्या प्रेमात पडतात आणि मग त्याला खायला काय घालायचं म्हणून वणवण फिरतात, हे तिच्या ध्यानात आलं. तिने उलटं करायचं ठरवलं. आधी गोळी कुठली मिळते ते बघायचं, मग तिच्या मापाची नळी शोधायची. पण गोळी दुकानात नाही, तर कुठे असेल? एकतीस वर्षं ज्या पेट्यांमध्ये टपाल टाकलं, त्या एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर आल्या. त्यातल्या सहा घरांत आता फक्त बायका उरल्या होत्या. नवरे वर गेले होते आणि जाताना कुणी काडतुसं बरोबर नेली नव्हती.

आता नुसतं जाऊन "बाई, नवऱ्याच्या गोळ्या दे" असं कसं म्हणायचं? पण आर्डिथच्या पलंगाखाली अकरा खोकी बरणीची झाकणं होती. एक हार्डवेअरचं दुकान बंद पडलं तेव्हा लिलावात तिने ती उचलली होती. रॉय मरेपर्यंत त्यावरून तिची टिंगल करायचा, "आपण काय चंद्रावर लोणचं पाठवणार आहोत?" म्हणायचा. आता त्या वर्षी घरी बसलेल्या सगळ्या देशाने परसात शेंगा आणि टोमॅटो लावले, आणि ते बरण्यांत भरायची वेळ आली तेव्हा झाकणं कुठेच मिळेनात. ते झाकण एकदाच वापरता येतं. ऑक्टोबरपर्यंत बायका झाकणांसाठी इतक्या हातघाईवर आल्या होत्या की पुरुषांची काडतुसांची रांग त्यापुढे सभ्य वाटावी.

चर्चच्या गोधडी मंडळात, शेडमध्ये सहा-सहा फूट अंतरावर बसलेल्या बायकांना आर्डिथने आपला बेत सांगितला: झाकणांच्या बदल्यात गोळ्या. नदीन, तिची शेजारीण आणि सगळ्यात जुनी मैत्रीण, आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "डझनाला किती गोळ्या?"

आठवडाभरात सहा घरांतले ड्रॉवर, मोज्यांचे खण, गळांच्या पेट्या आणि कॉफीचे डबे नदीनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामे झाले. आर्डिथने मफिन भाजायचा बारा खळग्यांचा ट्रे घेतला आणि ज्या हाताने टपाल लावायची त्याच हाताने काडतुसं लावायला बसली. एकेका मापाला एकेक खळगा. बावीसची नातवांनी खारींसाठी केव्हाच पळवली होती, नऊची मुलांनी नेली होती. उरलं होतं ते सगळं किडूकमिडूक, पण एक खळगा भरला, उतू गेला, मग त्याला कॉफीचा डबा लागला. अडतीस. दोनशेच्या वर. म्हाताऱ्या माणसांचं माप होतं ते, आणि म्हणून तरुणांपैकी कुणी त्याला हात लावला नव्हता.

"ठरलं मग," आर्डिथ म्हणाली. "अडतीस."

"रॉय थडग्यात कूस बदलेल गं," नदीन म्हणाली. "बरं, तुझ्या घरचा ड्रॉवर नाही काढलास तो?"

"त्यात काय असणार? पंचेचाळीस."

हे खरं कारण नव्हतं. पलंगाच्या रॉयच्या बाजूचा ड्रॉवर तिने तीन वर्षांत उघडला नव्हता. आत पेपरमिंट, पाइपची तंबाखू आणि शेडमधली बारूद असा मिळून एक वास कोंडलेला होता. एकदा उघडला की तो निघून जाईल, आणि मग रॉयचं घरात काहीच राहणार नाही, अशी तिला भीती वाटायची.

रिव्हॉल्व्हर ओलीटाकडे सापडलं. तिच्या व्हर्जिलचं होतं, सहा गोळ्यांचं, शिवणाच्या पेटीत फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेलं. व्हर्जिल गेल्या वर्षी गेला होता. ओलीटाने झाकणांचं अख्खं खोकं आणि वर बिटाच्या चार बरण्या मागितल्या आणि एक बरणीही सोडली नाही.

मग दर गुरुवारी, गोधडी झाली की, आर्डिथच्या गोठ्यामागे मातीच्या दरडीला ताटली टेकवून सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी ताटलीला काही झालं नाही, शेजारच्या भोपळ्याला मात्र झालं. दुसऱ्या आठवड्यात दोन लागल्या, तिसऱ्यात तीन. अडचण अशी की बाकीच्या सहा जणी नुसत्या बघायला आल्या होत्या, त्या तशा बघत बसेनात.

"माझ्या नवऱ्याच्या गोळ्या आहेत, दोन तरी मला मारू दे की."

"चाळीस वर्षं मी या माणसाची बंदूक नुसती पुसली गं!"

कुणाला नाही म्हणणार? आणि खरं सांगायचं तर आर्डिथला मजा येत होती. गोळ्या नवऱ्यानवऱ्यांप्रमाणे वागत. व्हर्जिलच्या सरळ जायच्या आणि आवाज कमी करायच्या. ओलीटाच्या वारलेल्या दिराच्या नुसताच धूर काढायच्या. नदीनच्या फ्लॉइडच्या मात्र जुनाट, हिरव्या पडलेल्या. घोडा पडायचा आणि नुसतं 'टिक' व्हायचं.

"हलवू नकोस! नळी समोरच धर आणि तीस मोज," नदीन ओरडायची. "उशिरा उडते कधी कधी. फ्लॉइड लग्नालासुद्धा पाऊण तास उशिरा आला होता."

तीस मोजून व्हायचे.

"नाही आला," आर्डिथ म्हणायची.

"आला असता तरी फार काही केलं नसतं," नदीन म्हणायची, आणि मग सातही जणींना हसू आवरता आवरता दुसरी गोळी भरायला पाच मिनिटं लागायची.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आर्डिथने डबा घेतला. डबा अजून चांगला जड लागत होता, म्हणून ती निर्धास्त होती. गोठ्यामागे जाऊन तिने हात गरम करायला म्हणून एक झाडली. टिक. दुसरी. टिक. ती डबा घेऊन खाली बसली आणि एकेक काडतूस उन्हात धरून पाहू लागली. हिरवं. हिरवं. हिरवं. चांगल्या चांगल्या गोळ्या बायकांनी हसत-खिदळत उडवल्या होत्या आणि तळाला उरला होता तो निव्वळ फ्लॉइड.

तिने हॉबर्टला फोन केला. "गाडी आलीच नाही या आठवड्यात," तो म्हणाला. नदीनला केला. नदीन म्हणाली, "आर्डिथ, सगळ्यांची घरं झाली. एकच राहिलंय."

तिला राग आला, नदीनचा आणि स्वतःचाही. फोन ठेवून तिने भोपळ्याचा गोड 'पाय' ओव्हनमध्ये टाकला, टर्कीला मीठ चोळलं, तीच तीच भांडी दोनदा धुतली. मग ती पलंगाच्या त्या बाजूला जाऊन बसली. घर सोडून त्या एसीसमोर जाऊन राहायचं असेल तर हा ड्रॉवर तसाही कुणीतरी उघडणारच. तिने तो ओढला.

वास आला. पुष्कळ आला. ती तशीच बसून राहिली आणि रडली, तोंडावर हात न धरता, मोठ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं.

आत चष्मा होता, चाकू होता, चिकट झालेल्या पेपरमिंट होत्या, पंचेचाळीसची दोन सुटी काडतुसं होती. आणि टपालखात्याचं एक तपकिरी पाकीट. रॉय शेडमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा, पण हे पाकीट पंचेचाळीसच्या मानाने हलकं लागलं. तिने ते उशीवर उपडं केलं. सहा काडतुसं, चकचकीत, सगळी अडतीसची. सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती.

'आर्डिथसाठी. बारूद कमी घातलीय, अंगठ्यांना धक्का बसणार नाही. शनिवारी व्हर्जिलकडून रिव्हॉल्व्हर मागून आणणे. हॉबर्टला सांगू नये.'

रॉय गेला तो गुरुवार होता.

दुसऱ्या दिवशी केंडल आला तो गाडीत पुठ्ठ्याची खोकी घेऊनच. आर्डिथने ती पाहिली. टर्की ओव्हनमध्ये होती. दोघं गोठ्यामागे गेली. केंडल लांब लांब ढांगा टाकत सात पावलं मोजायला लागला.

"तुझी नव्हेत," ती म्हणाली. "माझी पावलं."

तिने आपली सात मोजली, उभी राहिली, रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी धरलं. धक्का खरोखरच कमी होता. दार ढकलल्याइतका. ताटली वाजली. पुन्हा वाजली. तिसरी कडेला लागली, पण लागली. चौथी. पाचवीला ताटली दरडीवरून खाली पडली आणि आर्डिथने हात खाली घेतले. मग तिने सिलिंडर उघडलं, सहावं काडतूस काढलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

"आई, एक राहिलं की."

"पाच ठरली होती."

"सहापैकी पाच ठरली होती."

"सहावं तुझ्या बाबांचं आहे," ती म्हणाली आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

केंडलने ती वाचली, मग पुन्हा वाचली. लहानपणी याच बापाने याच गोठ्यामागे त्याला शिकवलं होतं की पंचेचाळीस सोडून दुसऱ्या कशाला हात लावणारा माणूस आपल्या घराण्यातला नव्हे. त्याने नाक पुसलं.

"बाबा अडतीसचं भरत होते?"

"खोकी गाडीतून काढ," आर्डिथ म्हणाली. "शेंगांच्या बरण्या न्यायला होतील तुला. आणि हॉबर्टला सांगू नकोस."