बाबांच्या गाडीतल्या रेडिओचा कोड

बाबांची गाडी आता फारशी कुठे जात नाही. महिन्यातून एकदा मी ती मुलुंडच्या टोलनाक्यापर्यंत नेतो आणि परत आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावतो. बाकी ती बाबांच्या बसण्यासाठी आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, मी चावी अर्धीच फिरवतो म्हणजे इंजिन सुरू न होता रेडिओ तेवढा लागतो, आणि ते स्टिअरिंगवर हात ठेवून जुनी गाणी ऐकतात.

बाबांना विसरण्याचा आजार आहे. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलंय, आम्ही घरात ते घेत नाही. दिवसभर ते कपाटं उघडतात, काहीतरी शोधतात, सापडलं नाही की चिडतात, माझा हात पिरगाळतात. त्या दोन तासांत मात्र ते शांत असतात. त्यानंतर जेवतात आणि झोपतात. रेडिओ लागला नाही तर जेवणही नाही आणि झोपही नाही, इतका सरळ हिशेब होता.

हे सगळं माझ्याकडे आहे, कारण मी घरी असतो. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी सुटली. बाबांसाठी सोडली असं मी लोकांना सांगतो. बायको अंधेरीला नोकरी करते आणि घर चालवते. मोठा भाऊ, म्हणजे दादा, लग्न झाल्यापासून बोरिवलीला. तो एक रविवार आड येतो, बिनसाखरेची बिस्किटं आणतो, बाबांच्या पाठीवरून हात फिरवतो आणि जाताना मला सांगतो की बाबांची नखं वाढलीत. नखं मला दिसतात. ती कापताना काय होतं ते त्याला दिसत नाही.

रोज दोन तास रेडिओ चालवून बॅटरी किती दिवस टिकणार? एका सकाळी ती इतकी उतरली की गाडी सुरूच होईना. मी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावलं. तो नवीन बॅटरी खांद्यावर घेऊन आला, बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि जुनीला हात लावायच्या आधी म्हणाला, “साहेब, रेडिओचा कोड आहे ना तुमच्याकडे? नायतर आधी दुसरी बॅटरी जोडून ठेवतो, मग ही काढतो. करंट तुटला की हा रेडिओ कोड मागतो. दहा मिन्टं जास्त जातील, बस.”

कोड नावाची भानगड मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. पण बाजूला सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. ही गाडी मी पंधरा वर्षं धुतली, आईला दवाखान्यात नेताना मीच चालवली, आणि तिच्यातलं मला काही माहीत नाही हे त्या दोघांसमोर कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. “आहे रे. काढ तू,” मी म्हणालो. त्याने काढली.

संध्याकाळी बाबा बसले, मी चावी फिरवली, आणि रेडिओच्या खिडकीत चार रेघा आल्या. बाबांनी बटण दाबलं. रेघा तशाच. त्यांनी पुन्हा दाबलं, मग डॅशबोर्डवर मूठ आपटायला लागले. त्यांना बाहेर काढताना माझा शर्ट फाटला, आणि वर घरी त्यांनी जेवणाचं ताट ढकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीचं पुस्तक होतं. कोडचं कार्ड ठेवायचा प्लास्टिकचा कप्पा रिकामा होता. तो रिकामाच असणार होता. बाबा आयुष्यभर भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. महत्त्वाचा आकडा कागदावर ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी कुलपाशेजारी किल्ली टांगणं. कार्ड त्यांनी पहिल्याच दिवशी फाडलं असणार. पुस्तकात लिहिलं होतं की तीनदा चुकलात तर रेडिओ कायमचा बंद, मग तो उपसून कंपनीच्या माणसांकडेच न्यायचा. मी बाबांचं जन्मसाल टाकलं. चूक. आईचं टाकलं. तेही चूक. माझं टाकून बघायची माझी छाती झाली नाही. शोरूमला फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की मालकाने स्वतः कागदपत्रं घेऊन यावं आणि आमच्यासमोर सही करावी. बाबांना पेन कशाला असतं ते विसरून वर्ष झालं होतं.

शेवटी मी बाबांनाच विचारलं. आशा नव्हती, विचारायचं म्हणून विचारलं. गॅलरीत ते खुर्चीवर बसले होते. मी म्हणालो, “बाबा, गाडीतल्या रेडिओचा कोड काय आहे?”

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. कितीतरी महिन्यांनी मला त्यांचा जुना आवाज ऐकू आला, स्टोअरच्या खिडकीतून माणसाला परत पाठवायचा तो. “आहे कोड,” ते म्हणाले. “पण तो असा कोणालाही सांगायचा नसतो.”

“मी कोणीही नाही, बाबा.”

“माझ्या मुलाला माहीत आहे. त्याला विचारून या.”

त्याच सकाळी मी त्यांना आंघोळ घातली होती. पायजम्याची नाडी मी बांधली होती. मला इतका राग आला की मी आत जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

दादाला फोन करणं एवढंच उरलं होतं, आणि ते मी केलं नाही. हे मी लपवत नाही. त्याला कोड माहीत नसेल अशी मला भीती नव्हती. माहीत असेल अशी होती. त्या संध्याकाळी माझा डोळा चुकवून बाबा गेटबाहेर पडले. मेन रोडवर बसच्या आडवे उभे राहिले होते. भाजीवालीने ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं. बायको घरी आल्यावर मला बोलली. “तुझा मान सांभाळायला त्यांना रस्त्यावर मारणार आहेस का? लाव फोन.” तरीही मी तो दुसऱ्या दिवशी दुपारी लावला.

दादाने एका दमात सांगितलं. तीन, एक, सहा, दोन. आठवावंही लागलं नाही.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? तो म्हणाला, “गाडी घेतली त्याच दिवसापासून. पेढे घेऊन बाबा बोरिवलीला आले होते ना, तेव्हा जिन्यात सांगितला. तुला नाही सांगितला?” मग तो हसायला लागला. “अरे, त्यांचं ते स्टोअरचं गणित. कुलपाचा नंबर दोघांकडेच पाहिजे. एकाकडेच असला आणि तो मेला तर पंचाईत, तिघांकडे असला तर चोर सापडत नाही.”

दादाच्या मनात खोट नव्हती. तो खरोखर गंमत म्हणून सांगत होता. बाबांना दोन मुलगे, आणि दोघांच्या गणितात ते स्वतः एक, म्हणजे जागा एकाच मुलाला, हे त्याला कधी मोजावंच लागलं नव्हतं. घरात त्यांच्यासोबत मी राहत होतो. पेढे मीच आणून दिले होते. फोन ठेवताना तो म्हणाला, “आणि आता हा कोणाला सांगत बसू नकोस हां.” मी बरं म्हणालो.

पाच वाजता बाबांना खाली नेलं. मी खिडकीतून वाकून चार आकडे दाबले, आणि गाणं लागलं. इतकं सोपं होतं. बाबांचे खांदे खाली आले. हात स्टिअरिंगवर गेले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा.

“कुठून मिळाला कोड?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या मुलाने दिला.”

“दिला ना?” ते खूश झाले. “सांगत होतो तुम्हाला. तो आहे म्हणून मला घोर नाही.”

मी पुढे विचारायला नको होतं. “मुलं किती तुम्हाला?”

“दोन,” बाबा म्हणाले. गाणं चालू होतं, बोट स्टिअरिंगवर ठेका धरत होतं. “धाकटा असतो कुठेतरी.”

मग त्यांनी मला हाताने बाजूला व्हायची खूण केली, त्यांच्या अंगावर माझी सावली पडत होती. मी बाजूला झालो. सात वाजेपर्यंत मी तिथेच उभा होतो, कारण त्यांना एकटं सोडता येत नाही.