पोटातली झोप

माझं अक्षर गिचमिड आहे आणि शुद्धलेखनही चुकतं. चौथीपर्यंतच शिकले, समजून घ्या. पोटातलं बाळ हलेना तरी जी बाई गप्प बसली असेल, तिच्यासाठी लिहिते.

आठव्या महिन्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाची हालचाल कमी वाटते. आत्ताच एनएसटी करू." एनएसटी म्हणजे पोटाला दोन पट्टे बांधून बाळाचे ठोके कागदावर उमटवतात. बाळ हललं की रेघ वर चढते.

मी उशिरा गेले, कारण शीतल. माझी धाकटी जाऊ. मूल व्हावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली. ती लग्न होऊन आली आणि लगेच माझ्याबरोबरीनं पोटुशी राहिली. तिचं बाळ सारखं लाथा मारायचं. सगळे तिच्या पोटावर हात ठेवायचे. सासूबाई मला म्हणायच्या, "हिचं नाचतंय, तुझं कुठं झोपलंय गं?"

मी महाळुंग्याला कंपनीत वायरी जोडते, उभ्यानं. दोन दिवस काही जाणवलं नाही, तरी शीतलपुढं ते तोंडातून निघेना.

तिनंच ओळखलं. "ताई, जेवताना पण हात पोटावरच हाय तुमचा. चला." रिक्षा तिनं केली, पैसे तिनं भरले. मला त्याचाही राग आला.

ठोके होते, पण रेघ चढेना. सरबत पाजलं, कुशीवर वळवलं. मग नर्सनं पोटावर भुर्र वाजणारं यंत्र टेकवलं. बाळ दचकलं, रेघ वर गेली. माझ्याआधी शीतल रडली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "झोपलं होतं. पोटातली बाळं बराच वेळ झोपतात. एक झोप शांत, दुसरीत डोळे हलतात. त्या झोपेत मेंदूची जोडणी चालते. पण झोपलंय की त्रासात आहे, ते घरी कळत नाही. पुन्हा असं वाटलं तर थांबायचं नाही."

मला बाळाचाही हेवा वाटला. मी कंपनीतल्या पाळ्या करून जागायची, ते निवांत झोपून आपल्या तारा जोडत होतं.

मुलगी झाली, धडधाकट. शीतलचंही बाळंतपण सुखरूप झालं. बाळंतपणालाही शीतलनंच पैसे दिले होते. दर पगाराला थोडे फेडत गेले. ती नको म्हणायची. पण तिचे पैसे अंगावर असताना मला तिचा हेवाही धड करता येत नव्हता.

परवा शेवटचे द्यायला गेले, तर माझी लेक तिच्या मांडीवर झोपलेली. पापण्यांखाली डोळे हलत होते. माझ्याकडे ती अशी झोपत नाही. शीतलनं पोर उठेल म्हणून पैसे न मोजताच उशीखाली सारले.

सगळे फिटले.