मनाससची टेकडी

१९ ऑक्टोबर २००६, धनत्रयोदशी; दंड रोजचे दहा डॉलर; हजर मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आमच्या हर्नडनच्या टाउनहाउस असोसिएशनचे, म्हणजे सोसायटीचे, एक गृहस्थ. परवा गराज झाडताना वाळक्या लाल मातीचा वास आला आणि तो दिवस आठवला. दिवाळीला दारात मातीचा किल्ला करायची आमची रीत. त्या वर्षी मुलीने किल्ल्याऐवजी शाळेच्या सहलीत पाहिलेली मनाससची टेकडी केली होती. उतारावर मोहरीचे कोवळे कोंब, खाली फॉइलचा ओढा, प्लॅस्टिकचे निळे आणि करडे सैनिक. यादवी युद्धातल्या तिथल्या पहिल्या लढाईत निळी फौज वॉशिंग्टनपर्यंत पळाली होती, म्हणून निळे सैनिक तिने पाठमोरे ठेवले होते. "हा ढिगारा आज काढा, नाहीतर उद्यापासून दंड," गृहस्थ म्हणाले. मी विचारलं, "शेजारच्या अंगणात हॅलोवीनची सात थडगी आहेत, ती?" "ते डेकोरेशन आहे." "मग हेही." बायको हळूच म्हणाली, "अहो, सवलतीची कूपनं कापणारे तुम्ही, दंड भरणार?" तेवढ्यात मुलगी खाली बसली आणि एकेका निळ्या सैनिकाचं तोंड टेकडीकडे फिरवू लागली. "बाबा, वी आर नॉट रनिंग." मी म्हणालो, "भाऊबीजेपर्यंत टेकडी हलणार नाही." भाऊबीजेच्या संध्याकाळी, रीतीप्रमाणे, ती मुलीनेच मोडली. हिशेबात मी आजही चिकटच आहे. पण पाच दिवसांचे पन्नास डॉलर मी असोसिएशनला चेकने दिले आणि चेकवर कारण लिहिलं: माघार न घेतल्याबद्दल.